बावीस हजार व्होल्टना नमस्कार

जळीत वॉर्डात आरसा नसतो. हे आधी माहीत असतं तर मी सिस्टरच्या मागे 'आरसा द्या' अशी भुणभुण लावली नसती. तिथे भेटायला येणाऱ्याचं तोंड हाच आरसा. माझा सख्खा मेहुणा शहाळं घेऊन दारात आला, माझ्याकडे नीट बघितलं, "सॉरी हं, पडा तुम्ही," म्हणाला आणि पुढच्या खाटांवर मला शोधायला गेला. सगळा वॉर्ड फिरून परत आला तेव्हा त्याच्या हातातलं शहाळं थरथरत होतं. आपण कसे दिसतो ते मला त्या शहाळ्यावरून समजलं.

चेहरा पुढे बराचसा परत आला. मेहुणा म्हणतो, आधीपेक्षा बरा आलाय. तो सदाशिव पेठेतला आहे, त्याच्याकडून कौतुक असंच मिळतं. पण ही हकीकत चेहऱ्याची नाही, उजव्या हाताची आहे. वॉर्डात पडल्या पडल्या मला एकच प्रश्न होता: हा हात राहणार की जाणार? तोच प्रश्न पडलेल्या दुसऱ्या कुणी लिहिलेलं, 'धीर धरा' हे शब्द नसलेलं काहीतरी मला तेव्हा वाचायला हवं होतं. मिळालं नाही. म्हणून आता मीच लिहितो.

मी बोलका माणूस. खडकीत आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले आणि रंगत येईना, तर मला बोलावणं यायचं. गोष्ट सांगायला मला दोन्ही हात लागत. माझी बायको सुनंदा म्हणायची, "यांचे हात बांधा, तोंड आपोआप बंद होईल." वॉर्डात माझा उजवा हात बँडेजच्या पट्टीने वर स्टँडला बांधलेला होता. सुनंदाने पहिल्यांदा ते पाहिलं आणि पदर तोंडात धरून ती भिंतीकडे वळली. मला वाटतं, तिला तेच वाक्य आठवलं असावं. आम्ही त्यावर अजून बोललेलो नाही.

आमची पद्धत

मी ब्रेकर दुरुस्त करणारा. घरातल्या बोर्डावर खट्कन पडतो तो नव्हे. मोठ्या इमारतीच्या तळघरात लोखंडी कपाटांची रांग असते आणि प्रत्येक कपाटात चाकांवरचा एक छातीएवढा ब्रेकर असतो. बाहेरून बावीस हजार व्होल्ट येतात ते एका कपाटातून आत शिरतात आणि बाकीच्या कपाटांतून इमारतीत वाटले जातात. आत आणणारं कपाट म्हणजे इनकमर. बाकीची आउटगोइंग. दिसायला सगळी जुळी भावंडं. एकच रंग, एकच माप, एकच कडी.

दुरुस्तीसाठी ब्रेकर चाकांवरून बाहेर ओढायचा. मग कपाटाच्या पोटात मागच्या बाजूला दोन झडपा दिसतात, वर एक आणि खाली एक. त्यांना आम्ही शटर म्हणतो. एकाने ती उचलून धरायची, दुसऱ्याने आत हात घालून तांब्याचे खांब पुसायचे. सप्लाय बंद असतो, हे अर्थातच धरलेलं.

आणि इथे आमचा नमस्कार येतो. आमची पिढी कारखान्यांत, चारशे चाळीस व्होल्टवर शिकली. उस्तादाने शिकवलेलं असं: तारेला हात लावायचाच झाला तर पालथा लावा. करंट असलाच तर हात आखडून मागे येईल, तार मुठीत धरून बसणार नाही. आणि पहिला हात गटातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा. तो पालथा हात टेकवणार, 'चला' म्हणणार, मग बाकीचे कामाला लागणार. याला आम्ही नमस्कार म्हणायचो. त्यात मान होता, थोडं नाटकही होतं आणि नाटक म्हटलं की मी पुढे.

पुढे दिवस बदलले. कारखान्यांची कामं आटली आणि शहराच्या पश्चिमेला, काल-परवापर्यंत ज्वारी उभी असलेल्या रानात, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आत संगणकांवर बसलेली पोरंपोरी, खाली तळघरात बावीस हजार व्होल्ट आणि त्यांच्यासमोर आम्ही, चारशे चाळीसचा नमस्कार घेऊन. बावीस हजारांना तुमचा हात पालथा आहे की उताणा हे बघायची गरज नसते. स्पर्शाचीही नसते. जवळ आलात की ते स्वतःच उडी मारून पुढे येतात. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

शेवटचं कपाट

रविवार होता. इमारतीचा मॅनेजर, गळ्यात पट्टा आणि कमरेला मोबाइल लावलेला तरुण, सकाळपासून चकरा मारत होता. "सर, संध्याकाळी सिस्टिम्स अप पाहिजेत हं. क्लायंटचा डे सुरू होतो."

"त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आपला संपतो," मी म्हणालो. "छान आहे. एकाने झोपायचं, एकाने राबायचं, नवरा-बायकोसारखं."

तो हसला नाही. अन्वर हसला. अन्वर हा माझा बरोबरीचा कारागीर, मोमीनपुऱ्यातला. त्याच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या, त्यामुळे त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि टोमणे माझ्यापेक्षा बारीक. कित्येक वर्षं शटर त्याने उचलायचं आणि हात मी घालायचा, अशी आमची जोडी होती.

आम्ही इनकमरचा ब्रेकर पाडला, म्हणजे बंद केला. त्यामुळे पुढची सगळी रांग मेली. पहिल्या कपाटात नियमाप्रमाणे, वीज असली की वाजणारा डिटेक्टर लावून बघितला, आवाज नाही. उरलीसुरली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड अडकवला. मग नमस्कार, वर एक, खाली एक. दुसऱ्या कपाटापासून डिटेक्टर कोपऱ्यात गेला, कारण रांग एकच, मेली तर सगळी मेली. नुसता नमस्कार उरला. हातमोजे कमरेला लटकत होते. मी जुन्या कारखान्यातल्या एका मॅनेजरची नक्कल करत एकेक कपाट पुढे सरकत होतो आणि आमच्या गटातली पोरं पोट धरून हसत होती.

शेवटचं कपाट इनकमरचं. त्याच्या वरच्या शटरमागे आमची मेलेली रांग होती. खालच्या शटरमागे बाहेरून येणारी केबल, आणि ती जिवंत. ती बाहेरून दुपारनंतर बंद होणार होती, म्हणून ते कपाट जेवणानंतर घ्यायचं असं सकाळी मीच सांगितलं होतं. पण हात लयीत होते. अन्वरने ब्रेकर ओढला, शटर उचललं.

"घ्या दादा, एवढं एक. मग डबा."

वरचा नमस्कार झाला. खालचा पोहोचला नाही.

आवाज मला आठवत नाही. निळा-पांढरा उजेड आठवतो आणि त्यानंतर माझ्याच पापण्यांचा वास. हात शिरला तेव्हा कोपर कपाटाच्या लोखंडी कडेला टेकलेलं होतं. वीज हातातून घुसली आणि कोपरातून बाहेर पडली. छातीपर्यंत गेलीच नाही. पुण्यातली वीज, जवळची बोळ माहीत असताना लांबून कशाला जाईल? म्हणून मी आहे. बाहेरचा सप्लाय स्वतःहून पडला, ते पक्कं झाल्यावरच अन्वरने मला ओढलं. तेवढं भान त्याने ठेवलं, नाहीतर खाटा दोन लागल्या असत्या.

रेघ

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी हात बघितला. बाहेरून फार काही नव्हतं. तळव्याच्या मागे एक करडा खड्डा, कोपराजवळ दुसरा. मी म्हणालो, "एवढंच ना?"

त्या म्हणाल्या, "काका, विजेचं भाजणं बाहेर कमी आणि आत जास्त असतं. मधलं सगळं आतून शिजलेलं असू शकतं."

शिजलेलं. माणसाच्या बाबतीत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सूज आत कोंडून रक्त थांबू नये म्हणून त्यांनी त्याच दिवशी हात मनगटापासून कोपरापर्यंत उभा चिरून उघडा ठेवला. लघवी काळ्या चहासारखी येत होती. ती पातळ व्हायला बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या. आणि मनगटाच्या वर, पेनाने, त्यांनी एक आडवी रेघ काढली.

"काळेपणा या रेघेच्या खाली थांबला तर बोटांचं बघू. वर चढला तर हात काढावा लागेल. नाहीतर विष अंगात जाईल."

तेव्हापासून माझं जग म्हणजे ती रेघ. भेटायला येणारे विचारत, "किती व्होल्ट होते हो?" पुणेकराला आकडा लागतो. मी आकडा सांगायचो, ते 'बापरे' म्हणायचे, आणि मी त्यांच्या खांद्यावरून पट्टीखालच्या रेघेकडे बघायचो.

ट्रॉली

वॉर्डाचा दिवस एका आवाजाभोवती फिरतो. सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली येते. तिचं एक चाक कुरकुरतं. तो आवाज कॉरिडॉरमध्ये लागला की सगळा वॉर्ड गप्प होतो. पेपर वाचणारा पेपर घडी करतो. कुणी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतो, जसं काही झोपलेल्याचं ड्रेसिंग करत नाहीत. जन्मभर मी चाकांवरचे ब्रेकर ओढले, आता हे एक चाक मला ओढत होतं.

ट्रॉलीमागे मेश्राम सिस्टर. भंडाऱ्याकडच्या, किडकिडीत, आणि हाताला इतक्या हलक्या की त्यांच्या पाळीसाठी आम्ही नवस बोलायचो. मी आधीच ओरडायला लागलो की म्हणायच्या, "काहून ओरडता जी? अजून हात तर लावला नाही मी."

"प्रॅक्टिस करतोय, सिस्टर."

"करा बापा. शेवटी लागनच ती."

खरं सांगतो, त्या चिकटलेल्या पट्ट्या निघतात तेव्हा विनोद वगैरे काही उरत नाही. मी आईला हाका मारल्या. ती जाऊन वर्षं झाली होती. तुमच्यावर ही वेळ आली तर हाका मारा. तिथे कुणी हसत नाही.

शेजारच्या खाटेवर बबनराव होते, लोणी काळभोरकडचे. गुऱ्हाळावर उकळत्या काकवीच्या कढईत पाय घसरलेला. कमरेपासून खाली सगळं. त्यांना माझी गोष्ट रोज हवी असायची, नेमकी ट्रॉलीच्या वेळी. मी कपाटांची रांग सांगायचो, नक्कल करायचो, एका हाताने. शेवटच्या कपाटापाशी आलो की ते थांबवायचे.

"आज वरचाच नमस्कार करा पावनं. खालच्याला हात लावू नगा. जेवायला घरी जावा."

मग मी तसंच सांगायचो. वरचा नमस्कार केला, अन्वरने शटर सोडलं, आम्ही डबा उघडला, भाकरी, वांग्याची भाजी. बबनराव डोळे मिटून ऐकायचे. "झ्याक हाय," म्हणायचे. "आता मला बी कढईच्या अलीकडूनच वळवा." मग मी त्यांनाही कढईच्या अलीकडून वळवायचो.

एका सकाळी ट्रॉली आली आणि त्यांच्या खाटेपाशी थांबलीच नाही. पहाटे ताप चढला होता, मला गुंगीत कळलं नव्हतं. गादी गुंडाळून लोखंडावर ठेवलेली होती. मेश्राम सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इन्फेक्शन." त्या दिवशी मी ओरडलो नाही. त्यांनीच विचारलं, "आज काहून चुप?"

जिन्यातला माणूस

अन्वर रोज यायचा, डबा घेऊन. आत मात्र येत नव्हता. सुनंदाने येऊ दिलं नव्हतं.

"शटर त्यांनी उचललं ना?" ती म्हणायची.

"हात मी घातला."

"तुम्ही घालणारच. समोर चार माणसं हसत असली की तुम्ही विहिरीतही उडी घालाल. थांबवायचं त्यांनी होतं."

यात खोटं एवढंच होतं की थांबवायचं कुणी हे आमच्या पद्धतीत ठरलेलंच नव्हतं. मोठ्याने हात लावला की काम सुरू, एवढंच ठरलेलं. पण हे तिला कसं सांगू? तिला रागवायला एक माणूस हवा होता आणि मी आधीच पुरेसा भाजलेला होतो. डबा ती घ्यायची, भांडं धुऊन परत द्यायची, आणि एक शब्द बोलायची नाही. अन्वर भेटीची वेळ संपेपर्यंत जिन्यात बसून राहायचा.

आणि काळेपणा वर चढत होता. आधी बोटं, सुकलेल्या खारकेसारखी. मग तळवा. एका सकाळी पट्टी निघाली आणि रेघ दिसेना. ती काळ्याच्या आत गेली होती.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. डॉक्टर खुर्चीवर बसले की समजावं. "कोपराखाली काढावा लागेल, काका. आज सही द्या. उद्या मला आणखी वर जावं लागेल, आणि परवाचं मी सांगू शकत नाही."

"नाही," मी म्हणालो.

"काका—"

"नाही देणार. औषध द्या, थांबू, बघू. हात नाही."

सुनंदा दुपारभर बोलली. शेवटी ती चिडली. "अहो, हात गेला तर मी तुम्हाला घास भरवीन आणि प्रत्येक घासाला टोमणा मारीन. तुम्हीच गेलात तर मारू कुणाला?" एरवी मी यावर हसलो असतो. मी भिंतीकडे तोंड केलं. हात म्हणजे माझा धंदा. हात म्हणजे माझी गोष्ट. तो नसलेला माणूस मला ओळखीचा नव्हता, आणि त्याला जगवण्यासाठी सही का करायची हे मला कळत नव्हतं. अंगात ताप फणफणत होता. मला खरोखर वाटत होतं की नुसतं 'नाही' म्हणत राहिलं तर काळेपणा कंटाळून थांबेल.

मग ती उठून बाहेर गेली. जिन्याकडे. तिचा आवाज मला आत ऐकू आला. "अन्वरभाऊ, माझं ऐकत नाहीत. तुम्ही या."

मेश्राम सिस्टरने त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. गाऊन, मास्क, रबरी हातमोजे चढवले. तो आला तेव्हा फक्त डोळे दिसत होते. काहीतरी पाठ करून आलेला असणार, पण माझा उघडा हात बघून ते त्याला आठवेना. मग त्याने उजवा हात पालथा केला आणि माझ्या काळ्या बोटांना टेकवला.

इतक्या वर्षांत तो नमस्कार हातमोजा घालून पहिल्यांदाच झाला.

"लागतंय का, दादा?"

"नाही."

तो तळव्याकडे सरकला. "इथे?"

"नाही."

मनगट. रेघ होती ती जागा. रेघेच्या वर. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. हात लागलेला दिसत होता, आणि मला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. कोपराच्या अलीकडे तो आला तेव्हा मी कळवळलो. तिथे तो थांबला.

"इथपर्यंत सप्लाय आहे," अन्वर म्हणाला. "पुढे नाही, दादा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोने सांगितलं होतं. पण कित्येक वर्षं पालथ्या हाताने सांगितलेलं मी मानत आलो होतो. डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. शाई सुनंदाने पुसली.

नसलेला हात

हात गेल्यावर कुणी सांगत नाही ती गोष्ट ही, की तो जात नाही. डोळे मिटले की उजवा हात पूर्ण होता, पाच बोटांसकट. त्याला खाज सुटायची. त्याला आग लागायची. आणि तो नेहमी एकाच स्थितीत असायचा: पुढे काढलेला, पालथा. मी डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता वेड्यांच्या वॉर्डात पाठवतील. त्या म्हणाल्या, होतं असं, पुष्कळांना होतं. 'पुष्कळांना' हा शब्द मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त लागू पडला. म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभर झालं नाही. मांडीची कातडी काढून उरलेल्या हाताला लावली. मांडी हातापेक्षा जास्त दुखली. घरी आलो तर सुनंदाने आरसे उतरवून ठेवलेले. मी म्हणालो, "लाव परत. मेहुण्याचं तोंड किती दिवस बघू?" डाव्या हाताने वरण-भात खायला लहान मुलासारखं शिकलो, आणि तिने कबूल केल्याप्रमाणे प्रत्येक घासाला टोमणा मारला. काही दिवस मी तिच्यावर ताट फेकलं. तेही लिहिलं पाहिजे. तिने ते उचललं, पुन्हा वाढलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला वाटायचं, तिचं रडणं बाहेर ऐकू येत नसेल.

अन्वर आता घरात येतो. सुनंदा त्याला चहा देते. त्या शटरबद्दल दोघं अजून बोलत नाहीत.

डावा हात

मी पुन्हा कामावर जातो. हाताने काम करत नाही, उभा राहतो आणि नाही म्हणतो. आमच्या गटात आता प्रत्येक कपाट पहिलंच. प्रत्येक ठिकाणी डिटेक्टर, वर आणि खाली, मग रॉड, मग हातमोजा. इनकमरला आम्ही सकाळीच साखळी घालतो आणि किल्ली माझ्या खिशात. थांबवायचं कुणी? आता ठरलंय: कुणीही. नमस्कार बंद. गोष्टी मी सांगतो, पण जेवणानंतर, तळघराच्या बाहेर, एका हाताने. लोक म्हणतात, रंगतात. मला कळतं, किती रंगतात ते.

परवा अशीच एक काचेची इमारत होती. सगळं रीतसर झालं. डिटेक्टर गप्प, रॉड लागलेला. अन्वरने शटर उचलून दिलं, हातमोजे काढून घाम पुसला, आणि बोलता बोलता त्याचा पालथा हात सहज, जुन्या सवयीने, कपाटात शिरला. मी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं.

"दादा, रॉड लावलाय. मेलेली आहे लाइन."

"माहीत आहे."

"मग सोडा ना."

सोडलं नाही. त्याचं मनगट गरम होतं, आत नाडी उडत होती. मी ते हळूहळू मागे ओढलं, शटरच्या बाहेर, कपाटाच्या बाहेर, आणि त्याने हातमोजा चढवेपर्यंत धरून ठेवलं.

त्याचा हात मी बाहेर काढला. माझा उजवा अजून तिथेच आहे.